गर्भवतीची पोटदुखी : पित्त की स्वादुपिंड?

जबलपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी मराठी माणसाचा त्या शहराशी असलेला संबंध दोन शतकांहून जुना आहे. नर्मदेकाठचा हा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या हाती आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. राज्य गेले, पण माणसे राहिली. दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या मोहल्ल्यात मराठी कुटुंब माजघरात मराठी बोलते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच सहज हिंदीत शिरते. त्यामुळे दुखण्यांनाही तिथे दोन-दोन नावे असतात. पोटात दुखले की आतल्या खोलीत त्याला ‘पित्त’ म्हणतात आणि शेजारीण दारातून डोकावली की तेच दुखणे ‘गैस’ होते. बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक नाव बरोबर निघते आणि दुखणे दुसऱ्या दिवशी विसरले जाते. परंतु क्वचित या दोन्ही नावांच्या आड एक तिसरेच दुखणे लपलेले असते, आणि दुखणारी स्त्री गरोदर असेल तर त्याचा हिशेब दिवसांत नव्हे, तासांत करावा लागतो. त्या दुखण्याला वैद्यकात तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात.

दीक्षितपुऱ्यातल्या एखाद्या घरातली एक रात्र कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. सुनेला सातवा सरून आठवा महिना लागला आहे. दिवसा डोहाळजेवण झाले. पुरणपोळीवर तुपाची धार झाली, आणि कमानिया गेटकडून आणलेली जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जलेबीही पानात पडली. मध्यरात्रीनंतर सुनेला बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखालच्या खोलगट जागी दुखू लागते. दोन उलट्या होतात, पण दुखणे तसूभरही कमी होत नाही.

“अगं, जड जेवण झालं, पित्त उसळलंय. गार दूध घे घोटभर,” सासूबाई म्हणतात.

“आई, हे नेहमीसारखं नाही हो. पाठीत आरपार जातंय. आडवं पडवतच नाही, पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटतं.”

सासूबाई मायेने पाठीवरून हात फिरवतात, ओव्याची पुरचुंडी शेकायला देतात. शेजारची भाभी ‘गैस’चे चूर्ण आणून देते. एवढ्या रात्री गाडी कुठे शोधायची, उजाडले की बघू, असे ठरते. या घरात कोणीही निष्काळजी नाही. उलट प्रत्येकजण काही ना काही करीतच आहे. तरीही पहाटेपर्यंतचे ते चार-पाच तास हातचे निघून जातात.

सुनेने जे दोन शब्द उच्चारले त्यांतच निदानाची अर्धी किल्ली होती. स्वादुपिंडाचे दुखणे कळा येऊन-जाऊन करीत नाही. ते एकदा सुरू झाले की सलग चालते, पोटाच्या वरच्या भागात पट्ट्यासारखे पसरते आणि पाठीत घुसते. पुढे वाकून बसल्याने किंचित उतार पडतो, उताणे निजल्याने ते वाढते. उलटीने आराम वाटत नाही. नेहमीचे आम्लपित्त असे वागत नाही. त्यात छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, आणि दुधाने किंवा साध्या गोळीने बहुधा घटकाभरात उतार पडतो. डोहाळ्यांच्या उलट्यांचेही वेळापत्रक ठरलेले असते. त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जोर करतात आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतात. शिवाय त्यांच्याबरोबर असे जीवघेणे दुखणे नसते. तेव्हा सहाव्या, सातव्या किंवा आठव्या महिन्यात नव्याने उलट्या सुरू झाल्या आणि त्यांच्या जोडीला पोट दुखू लागले, तर त्याला डोहाळे म्हणणे ही भाषेची चूक ठरत नाही, जिवाची ठरते.

हे स्वादुपिंड म्हणजे आहे तरी काय? जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवा पडलेला हा सुमारे वीतभर लांबीचा आणि शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा अवयव. पाठीत दुखते ते याच शेजारामुळे. त्याची कामे दोन. रक्तात इन्शुलिन सोडून साखर आवरणे हे एक काम मधुमेहामुळे आता घरोघर ठाऊक झाले आहे. दुसरे काम तितके प्रसिद्ध नाही. रोज सुमारे दीड लिटर पाचक रस तयार करून तो एका बारीक नळीने आतड्यात सोडणे, हे ते काम. हा रस इतका प्रखर असतो की पानातली डाळ, तूप आणि पोळी तिन्ही तो फोडून विरघळवतो. मग तो स्वतः स्वादुपिंडालाच का पचवून टाकीत नाही? निसर्गाने त्याची तजवीज केली आहे. प्रथिने पचविणारे द्रव्य स्वादुपिंडात असते तेव्हा निद्रिस्त असते. आतड्यात पोहोचल्यावर तिथले दुसरे एक द्रव्य त्याला जागे करते. या जागे करणाऱ्या द्रव्याचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत लागला. तीव्र दाहात हीच व्यवस्था बिघडते. रस आतड्यात पोहोचण्यापूर्वीच, ज्या पेशींनी तो घडविला त्या पेशींतच, जागा होतो आणि आपल्याच घराला आग लावतो. प्रागचे विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये या प्रकाराला स्वयंपचन असे म्हटले. एवढ्या एका शब्दात या रोगाची सारी भयानकता आली आहे.

आता ही ठिणगी पडते कशाने, हा प्रश्न. आणि इथे सासूबाईंचा ‘पित्त’ हा शब्द अगदीच वाया गेलेला नाही, हे कबूल करावयास हवे. घरात ज्याला पित्त म्हणतात ते बहुधा जठरातले आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर एका नळीवाटे आतड्यात उतरते. स्वादुपिंडाची नळीही शेवटी याच नळीच्या मुखापाशी येऊन मिळते. पित्ताशयात खडे असले आणि त्यांतला एखादा लहानसा खडा घसरत येऊन त्या समाईक दारात अडकला, तर मागे स्वादुपिंडाचा रस तुंबतो. गरोदरपणातल्या स्वादुपिंडदाहाच्या सुमारे दोनतृतीयांश प्रसंगी मूळ कारण हेच पित्ताचे खडे असतात. मोठ्या खड्यापेक्षा लहान खडा इथे अधिक धोक्याचा, कारण मोठा खडा पित्ताशयातून बाहेरच पडू शकत नाही. आणि डोहाळजेवणाच्या जड पानाचाही या गोष्टीशी संबंध आहे. तूप-खवा पोटात गेला की पित्ताशय जोराने आकुंचन पावते, आणि त्या पिळण्यात एखादा खडा नळीत ढकलला जातो. खडे जलेबीने झालेले नसतात. तिने फक्त दार ढकललेले असते.

मग हे खडे गरोदर बाईलाच का? विलायती पाठ्यपुस्तकांत पित्ताचे खडे होणाऱ्या रुग्णाचे वर्णन पिढ्यान् पिढ्या एका ठरीव सूत्रात शिकविले गेले : स्थूल, स्त्री, चाळिशीची, लेकुरवाळी. आपल्याकडच्या डॉक्टरांना या सूत्रातले वय केव्हाच पुसून टाकावे लागले आहे. पंचविशीतल्या सडपातळ मुलींच्या पोटातही खडे सापडतात. पण ‘लेकुरवाळी’ हा शब्द मात्र टिकला, आणि त्याला कारण आहे. गरोदरपणी शरीरात स्त्री-संप्रेरकांचा पूर येतो. त्यांतल्या एकामुळे पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते, तर दुसऱ्यामुळे गर्भाशयाबरोबर पित्ताशयाचा स्नायूही सैलावतो. पित्त दाट होते आणि निचराही मंदावतो. साचलेल्या पाण्यात गाळ बसावा तसा पित्ताशयात गाळ बसतो आणि काही स्त्रियांच्या बाबतीत त्या गाळाचे खडे बनतात. गर्भाशय सैल राहावे म्हणून निसर्गाने केलेल्या सोयीची ही किंमत म्हणावी लागेल.

दुसरे कारण रक्तातल्या चरबीचे. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत दुपटी-तिपटीने वाढते. बाळाच्या पोषणाची ही तरतूद असते आणि बहुसंख्य स्त्रियांना तिचा काही त्रास होत नाही. परंतु ज्या घराण्यात ही चरबी मुळातच अधिक असते, किंवा जिला मधुमेह आहे, तिच्या रक्तातले हे प्रमाण शंभर मिलिलिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. मग रक्ताची बाटली थोडा वेळ उभी ठेवली तर वर दुधासारखा थर दिसतो. अशा रक्तानेही स्वादुपिंड पेटते, आणि हा दाह पुष्कळदा खड्यांच्या दाहापेक्षा उग्र असतो. मद्य हे जगभर या रोगाचे मोठे कारण आहे, पण भारतीय गर्भवतीत ते विरळाच. कधी गळ्यातल्या उपगल ग्रंथी अधिक काम करू लागून रक्तातले कॅल्शियम वाढलेले असते, कधी एखादे औषध कारण ठरते, आणि काही वेळा सारे शोधूनही कारण सापडत नाही.

या रोगाचा वैद्यकीय इतिहास फार जुना नाही. गरोदरपणातल्या स्वादुपिंडदाहाची पहिली नोंद १८१८ ची मानतात. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले, तोपर्यंत तो बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच ओळखला जाई. बाल्टिमोरचे तरुण डॉक्टर यूजीन ओपी यांनी १९०१ मध्ये एका मृत रुग्णाच्या समाईक नळीच्या मुखात अडकलेला बारीकसा खडा दाखवून दिला, आणि पित्ताचा खडा व स्वादुपिंड यांचे नाते जगापुढे आले. पण कारण कळले म्हणून उपाय कळला असे झाले नाही. १९७३ मध्ये गर्भवतींच्या ९८ जुन्या प्रकरणांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मातांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते आणि बाळांचेही जवळपास तेवढेच. दर तिघींमागे एकीहून अधिक! यानंतर पस्तीस वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या तीन लाखांवर बाळंतपणांतून वेचलेल्या १०१ प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात एकही माता दगावली नव्हती आणि बाळांच्या मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले होते.

या दोन आकड्यांच्या मधे काय घडले? स्वादुपिंडाची आग विझविणारे एखादे रामबाण औषध सापडले, असे मात्र नाही. तसे औषध आजही नाही. मधल्या काळात सोनोग्राफी आली, रक्ताच्या तपासण्या काही तासांत होऊ लागल्या, अतिदक्षता विभाग उभे राहिले, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जगविण्याची विद्या पुढे गेली. थोडक्यात, रोग लवकर ओळखणे आणि शरीराला तग धरायला मदत करणे, एवढ्यावर हा सारा फरक पडला. म्हणूनच उजाडेपर्यंत थांबण्याचे ते चार-पाच तास इतके मोलाचे. अर्थात हे आकडे सुसज्ज रुग्णालयांतले आहेत. जी स्त्री तिथपर्यंत पोहोचलीच नाही ती या हिशेबात धरलेली नाही.

रोग दुर्मीळ आहे, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर प्रत्येक गर्भवतीची झोप उडावयाची. निरनिराळ्या अभ्यासांत त्याचे प्रमाण हजार गर्भवतींत एक ते दहा हजारांत एक असे येते. डॅलस शहरातल्या १९९५ च्या अभ्यासात ते सुमारे ३,३०० त एक निघाले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो अखेरच्या तीन महिन्यांत झाला होता. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही तो गाठतो.

आता आईच्या शरीरात काय होते ते पाहू जाता, पहिली गोष्ट दिसते ती पाण्याची. दाह झालेल्या स्वादुपिंडाभोवती रक्तातले पाणी झिरपून साचते. बाहेर रक्ताचा थेंब सांडत नाही, पण आतल्या आत शरीर कोरडे पडते. नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते. दाहातून सुटलेली द्रव्ये रक्तावाटे फुप्फुसांपर्यंत पोहोचली तर श्वास लागतो. कॅल्शियम घटते, साखर वाढते. सुदैवाने पाचांपैकी चार रुग्णांत हा दाह सौम्य असतो आणि आठवड्याभरात शमतो. उरलेल्यांत मूत्रपिंडे, फुप्फुसे यांवर ताण येतो, किंवा स्वादुपिंडाचा काही भाग मृत होऊन त्यात पुढे जंतूंचा शिरकाव होतो. खरे मरण असते ते या गटात.

आणि बाळ? स्वादुपिंडाची आग बाळापर्यंत थेट पोहोचत नाही. ती पोहोचते आईच्या रक्तामार्फत. वारेला जाणाऱ्या रक्तवाहिन्या आईच्या रक्तदाबावर पूर्णपणे विसंबून असतात. आईचा दाब उतरला की वारेतला प्रवाह आटतो. शरीर संकटात असले की ते मेंदू आणि हृदय यांना आधी रक्त पुरविते. गर्भाशयाचा क्रमांक त्यानंतर लागतो. आईचा प्राणवायू कमी झाला की बाळाचाही कमी होतो. शिवाय दाहाच्या द्रव्यांनी गर्भाशय चाळवते आणि वेळेआधीच कळा सुरू होतात. या रोगात बाळाला सर्वांत मोठा धोका असतो तो असा, दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचा. पहिल्या तीन महिन्यांत दाह झाला तर गर्भपाताची भीती. नंतरच्या महिन्यांत कमी दिवसांचे, कमी वजनाचे, कच्च्या फुप्फुसांचे बाळ. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘आधी बाळाचे बघा, बाईचे नंतर’ किंवा ‘औषधाने बाळाला बाधेल, नकोच ते’ ही घरातली दोन्ही वाक्ये शरीरशास्त्राला मान्य नाहीत. आईचा रक्तदाब सावरणे हाच बाळावरचा पहिला उपचार असतो.

रुग्णालयात गेल्यावर निदान तीन गोष्टींवर होते : दुखण्याचे ते ठरावीक स्वरूप, रक्तातल्या अमायलेज किंवा लायपेज या पाचक द्रव्यांचे प्रमाण नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट वा अधिक असणे, आणि सोनोग्राफीसारख्या चित्रात दिसणारी सूज. यांपैकी दोन जुळल्या की पुरे. गरोदरपणाने ही द्रव्ये फारशी बदलत नाहीत, त्यामुळे तपासणीवर विश्वास ठेवता येतो. डॉक्टरांची खरी परीक्षा वेगळीच असते. वाढलेल्या गर्भाशयाने आतली आतडी बाजूला सारलेली असतात, पोट चाचपून फारसे हाती लागत नाही, आणि अशाच दुखण्याने येणारे इतर रोगही दारात उभे असतात. रक्तदाब वाढून यकृताला इजा होणारा गरोदरपणाचा विकार त्यांत सर्वांत फसवा. त्यातही उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आंत्रपुच्छाचा दाह, वार सुटणे, जठराचा व्रण हेही वगळावे लागतात. म्हणून पोटदुखीच्या गर्भवतीचा रक्तदाब आणि लघवी तपासल्याशिवाय तिला आम्लपित्ताची गोळी देऊन परत पाठविणे कोणत्याही दवाखान्यात अक्षम्य समजावे.

सोनोग्राफीची भीती मात्र अनाठायी आहे. तीत क्ष-किरण नसतात, फक्त ध्वनिलहरी असतात, आणि पित्ताचे खडे दाखविण्यात तिचा हात धरणारी दुसरी तपासणी नाही. चुंबकीय चित्रणातही क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, पण आईचा जीव त्यावर अवलंबून असेल तर तोही करतात.

उपचारांत प्रथम येते सलाईन. पूर्वी ते धो-धो देण्याची रीत होती. अति पाण्याने फुप्फुसे भरतात असे अलीकडच्या अभ्यासांत दिसल्यावर आता ते मोजून, नाडी आणि लघवी पाहत देतात. दुखणे थांबविणारी परिणामकारक औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गर्भवतीलाही देता येतात. परंतु घरातल्या डब्यातली वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नये. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी अखेरच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेपूर्वी मिटू शकते. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवितात, म्हणजे गर्भाशयाचे ओझे मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके पाहत राहतात. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता दिसली, तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉईडची इंजेक्शने देतात. प्रतिजैविके जंतुसंसर्ग झाला असेल तरच. केवळ स्वादुपिंडाला सूज आली म्हणून घाईने बाळंतपण उरकण्याचे कारण नाही. तो निर्णय आई आणि बाळ यांच्या स्थितीवर ठरतो.

जेवणाच्या बाबतीत मत पार बदलले आहे. स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवण्याची पद्धत दीर्घकाळ चालली, आणि दोन जिवांच्या बाईला उपाशी ठेवल्याबद्दल नातेवाईक डॉक्टरांशी हुज्जत घालीत. या बाबतीत नातेवाइकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. उलट्या थांबल्या, भूक लागली की पेज, मऊ भात, पातळ वरण असे कमी स्निग्ध अन्न आता लवकर सुरू करतात. खाता येत नसेल तर नाकातून नळी घालून आतड्यात पोषण देतात. आतडे उपाशी राहिले की त्याचे अस्तर दुबळे होऊन तिथले जंतू रक्तात शिरतात, हे आता पक्के झाले आहे.

खडा नळीतच अडकून कावीळ आणि ताप आला असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचे मुख किंचित छेदून तो काढता येतो. ही युक्ती १९७४ मध्ये जपान आणि जर्मनी या दोन्ही देशांत प्रथम यशस्वी झाली. गर्भवतीवर ती करताना क्ष-किरण अगदी मोजके वापरतात आणि पोटावर संरक्षक आवरण घालतात.

आता घरोघरच्या एका वाक्याकडे वळावयाचे. सोनोग्राफीत खडे दिसतात, दाह शमतो, बाई हसतमुखाने घरी येते, आणि घरात ठरते : ‘शस्त्रक्रियेचे बाळंतपण झाल्यावर बघू.’ ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. एके काळी डॉक्टरही हाच सल्ला देत. परंतु खडे जागेवर असताना त्याच गरोदरपणात पुन्हा झटका येण्याची शक्यता फार मोठी असते, आणि दुसरा झटका पहिल्याइतका सौम्य असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत पित्ताशय दुर्बिणीने काढून टाकणे हे आज सुरक्षित मानले जाते : बाळाचे अवयव तोवर घडलेले असतात आणि गर्भाशय अजून शस्त्रक्रियेच्या आड येण्याइतके वाढलेले नसते. गरोदर बाईला भूल द्यायची, या कल्पनेनेच घरची माणसे हादरतात, आणि ते समजण्यासारखे आहे. तथापि, भुलेची भीती आणि दुसऱ्या झटक्याची भीती समोरासमोर ठेवून डॉक्टरांना विचारावे; नुसत्या पहिल्या भीतीवर निर्णय घेऊ नये. दाह अगदी अखेरच्या आठवड्यांत झाला असेल तर बाळंतपणापर्यंत थांबतात, पण ते थांबणे रुग्णालयाच्या नजरेखालचे असते.

चरबीमुळे झालेल्या दाहात चरबी उतरविणे हाच मुख्य उपचार. तूप-तेल जवळजवळ बंद करतात, इन्शुलिन देतात, आणि फारच निकड असेल तर रक्तातला द्रव यंत्राने बदलून घेतात. जिच्या आईला, भावंडांना ट्रायग्लिसराइडचा विकार आहे, किंवा जिला पूर्वी असा झटका येऊन गेला आहे, तिने पहिल्या महिन्यापासूनच हे प्रमाण तपासवून घ्यावे. एका साध्या रक्ततपासणीचे हे काम आहे.

दीक्षितपुऱ्यातल्या कुटुंबाला यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. जबलपुरात स्त्रियांचे जुने लेडी एल्गिन रुग्णालय आहे. त्याला आता राणी दुर्गावतीचे नाव दिले आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला सुभाषबाबूंचे नाव आहे. त्याच सुभाषबाबूंना १९३९ मध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी काँग्रेसला तापाने फणफणत, खाटेवरून यावे लागले होते, आणि त्या अधिवेशनाची खूण म्हणून कमानिया गेट अजून उभे आहे. रात्रीच्या वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि ने-आण विनामूल्य आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वरचेवर दुखणाऱ्या स्त्रीने त्या तपासणीच्या दिवशी ही गोष्ट आपणहून सांगावी. विचारल्याशिवाय सांगायचे नाही, ही आपल्या बायकांची जुनी खोड आहे. बाळाचीच सोनोग्राफी चालू असताना पित्ताशयाकडे दृष्टी टाकायला फारसा वेळ लागत नाही.

बाळंतपण सुखरूप पार पडले, म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. संप्रेरके ओसरली की पित्ताशयातला गाळ बहुधा आपोआप नाहीसा होतो; काही बारीक खडेही विरघळतात, पण बरेचसे राहतात. आणि नेमक्या याच वेळी मराठी घरात बाळंतिणीपुढे डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे तुपाळ लाडू येतात. जिच्या पोटात खडे नाहीत तिला ते खुशाल द्यावेत. जिच्या सोनोग्राफीत खडे दिसले होते तिच्या लाडवांतले तूप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. त्या वेळी पित्ताशय काढण्याचे ठरलेच, तर अंगावर पिणाऱ्या बाळाला फार दिवस दूर ठेवावे लागत नाही. भूल उतरून आई नीट शुद्धीवर आली आणि तिला बरे वाटू लागले की बहुधा त्याच दिवशी ती त्याला पुन्हा अंगावर घेऊ शकते.